प्रतिस्पर्ध्याची शागिर्दी

स्पर्धा या शब्दाविषयी आमच्या सुशिक्षित कुटुंबांत सांप्रत दोन मते प्रचलित आहेत, आणि चमत्कार असा की, ती दोन्ही एकाच घरात, पुष्कळदा एकाच मुखातून ऐकावयास मिळतात. सकाळी चहाच्या वेळी गृहस्थ म्हणतात की, स्पर्धा ही मनुष्याच्या मनाला लागलेली कीड आहे. गुण आणि क्रमांक यांच्या जंजाळातून कोवळ्या मुलांची सुटका झाली पाहिजे. सायंकाळी तेच गृहस्थ चिरंजीवांस बजावतात की, परीक्षा होईपर्यंत आपली वही शेजारच्या मुलास दाखवू नकोस. पहिल्या मतात वैराग्याचा आव आहे, दुसऱ्यात व्यवहारचातुर्याचा; पण दोहोंचे मूळ एकच आहे. प्रतिस्पर्ध्याकडे डोळे उघडून पाहण्याची आम्हांस भीती वाटते. शेजाऱ्याच्या वहीत काय लिहिले आहे, त्याने तेच गणित आपल्याहून दोन ओळींत कसे सोडविले, हे जाणण्याची इच्छा दोन्ही मतांत कोठेच आढळत नाही.

घरातील ही भीती उंबरठ्याबाहेर पडली म्हणजे तिला स्वाभिमान असे नाव मिळते. मराठी शाळांची चिंता वाहणाऱ्या एका सभेस गेल्या वर्षी आम्ही श्रोते म्हणून हजर होतो. सभा तीन तास चालली. इंग्रजी माध्यमाच्या शाळांवर वक्त्यांनी यथेच्छ कोरडे ओढले. पालकांची गुलामी वृत्ती, त्यांची साहेबी हौस, शिक्षणाचा मांडलेला बाजार, काही म्हणता काही शिल्लक ठेवले नाही. परंतु ज्या शाळेने समोरच्या रस्त्यावरून निम्मी मुले नेली, त्या शाळेत पहिलीच्या वर्गाला वाचन कसे शिकवितात, भेटीस गेलेल्या पालकाशी कोण आणि कोणत्या स्वरात बोलते, गैरहजर मुलाच्या घरी निरोप किती वेळात जातो, हे स्वतः पाहून आलेला एकही मनुष्य व्यासपीठावर नव्हता. एका तरुण शिक्षिकेने भीत भीत सुचविले की, आपण एकदा जाऊन पाहावे. अध्यक्ष हसून म्हणाले, ‘त्यांच्याकडून आपण काय शिकायचे?’ टाळ्यांचा कडकडाट झाला. हा लेख आम्ही त्या टाळ्यांविरुद्ध लिहीत आहो.

प्रतिस्पर्ध्याकडून काय शिकावयाचे, हा प्रश्न ज्यांना विनोद वाटतो, त्यांनी आपल्या हातातील मराठी पुस्तक क्षणभर उलटून पाहावे आणि ते छापण्याची विद्या आपल्या घरात कोणत्या दाराने आली याचा विचार करावा. मुंबईत अमेरिकन मिशनने छापखाना घातला व १८१७ साली त्यातून मराठी पुस्तिका बाहेर पडू लागल्या. त्यांत आमच्या देवांची व आचारांची निंदा असे आणि ती आमच्याच भाषेत, आमच्याच लिपीत असे. धर्माभिमानी मनुष्याला याहून मोठा प्रतिस्पर्धी कोणता असावा? संताप येणे स्वाभाविक होते, आणि तो पुष्कळांस आलाही. परंतु गणपत कृष्णाजी नावाच्या एका भंडारी गृहस्थाने संतापाव्यतिरिक्त आणखीही काही केले. त्याच मिशनच्या छापखान्यात त्यांनी काम केले, शिळाप्रेसवर कागद कसा उमटतो हे बारकाईने पाहिले, आणि तशी पुस्तके आपल्या धर्माचीही छापावीत असे मनात आणले. घरी लाकडाचे यंत्र करून पाहिले, छापण्याजोगा दगड शोधला, शाई स्वतः तयार केली. १८३१ साली त्यांनी छापील पंचांग काढले.

या पंचांगाचे महत्त्व आम्हांस फार वाटते, म्हणून येथे थोडे थांबतो. मिशनरी शंभर वर्षे छापीत राहते, तरी त्यांनी पंचांग काही छापले नसते. म्हणजे यंत्र परक्याचे, पण त्यातून निघालेली वस्तू परक्याच्या स्वप्नातही न आलेली. शिवाय छापील कागदास विटाळ मानणारे सनातनी लोक आडवे येतील हेही त्या गृहस्थाने ओळखले होते. शाईत चरबी असते म्हणून कोणी नाक मुरडू नये, यासाठी ते तुपाची शाई वापरीत असे सांगतात. मिशनऱ्याची कला घ्यावयाची आणि ती आपल्या देवघराच्या उंबरठ्यापर्यंत निर्वेध आणून पोहोचवावयाची, यास जी बुद्धी लागते ती सभेत टाळ्या घेणाऱ्या बुद्धीहून निराळी आहे. गोविंद नारायण माडगावकरांनी आपल्या ‘मुंबईचे वर्णन’ या १८६३ च्या ग्रंथात या गृहस्थाची आदराने नोंद केली, हे त्यांच्या रसिकतेचे लक्षण होय.

पुढची पिढी याहून एक पाऊल पुढे गेली. जावजी दादाजी यांनी लहानपणी त्याच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात, टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली, तुटपुंज्या पगारावर खिळे घासण्याचे काम धरले. खिळे घासणे म्हणजे ओतून काढलेल्या अक्षराच्या कडा साफ करणे. छापखान्यातील सर्वांत हलके काम. पण रोज शेकडो अक्षरे ज्याच्या बोटांखालून जातात, त्याला अक्षराचे गुणदोष पंडिताहून अधिक कळतात. ग्रॅहमने देवनागरी अक्षर लहान व सुबक करण्याची जी खटपट केली, ती या मुलाने बोटांनी वाचली. १८६४ साली त्यांनी स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला, १८६९ साली निर्णयसागर छापखाना. मग काय झाले? गुरूच्या अक्षराहून शिष्याचे अक्षर अधिक रेखीव निघाले. १८८६ पासून निघालेली ‘काव्यमाला’ आणि निर्णयसागरची इतर संस्कृत पुस्तके युरोपातील पंडितांच्या मेजावर जाऊन बसली. ज्या यंत्रावर एके काळी आमच्या शास्त्रांची टवाळी छापली गेली, त्याच विद्येने ती शास्त्रे इतकी शुद्ध व स्वस्त छापली गेली की, पोथ्यांचे गठ्ठे बाळगणाऱ्या शास्त्र्यांनीही निर्णयसागरची प्रत जवळ ठेवावी. मिशनरी छापखान्यावर बहिष्कार घालून हे घडले असते, असे कोणी शपथेवर सांगेल काय?

कोणी म्हणेल, ही कारागिरीची गोष्ट झाली; विचाराच्या प्रांतात असे चालत नाही. तर विष्णुशास्त्री चिपळूणकरांकडे पाहा. १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू करून त्यांनी इंग्रजी विद्येने दिपलेल्या लोकांची व मिशनऱ्यांची जी रेवडी उडविली, ती कोणास ठाऊक नाही? परंतु ती उडविण्याचे शस्त्र कोठून आणले होते? मेकॉलेचा ठसकेबाज निबंध आणि जॉन्सनची भारदस्त वाक्यरचना यांच्या तालमीत त्यांची लेखणी तयार झाली होती. जॉन्सनवर तर त्यांनी मालेतच विस्ताराने लिहिले. मराठी गद्यास जी ऐट शास्त्रीबोवांनी दिली, ती शत्रूच्या आखाड्यात कसून आलेल्या अंगाची ऐट आहे.

आणि याच शास्त्रीबोवांनी एका ठिकाणी हा धडा गिरविला नाही, हेही सांगितले पाहिजे. जोतीराव फुल्यांच्या पुस्तकांचा समाचार घेताना त्यांनी जोतीरावांचे व्याकरण तपासले; जोतीराव काय म्हणत आहेत ते तपासले नाही. सातासमुद्रांपलीकडच्या प्रतिस्पर्ध्याकडून शिकण्यास त्यांस कमीपणा वाटला नाही, पुण्यातील प्रतिस्पर्ध्याकडून शिकण्यास वाटला. हा दोष त्यांच्यापुरता नाही. तो आमच्या पांढरपेशा वर्गाचा जुनाच आजार आहे. जोतीरावांची दृष्टी या बाबतीत अधिक मोकळी होती. अहमदनगरास अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांच्या मुलींच्या शाळा त्यांनी पाहिल्या, त्या त्यांस आवडल्या, आणि १८४८ साली त्यांनी पुण्यात स्वतःची शाळा काढली. सावित्रीबाईंनी शिकविण्याचे शिक्षण घेतले तेही मिशनच्या बायांकडे. पण दोघेही ख्रिस्ती झाले नाहीत. पद्धत घेतली, पंथ घेतला नाही. गणपत कृष्णाजींच्या पंचांगाचे आणि जोतीरावांच्या शाळेचे गोत्र एकच आहे, हे उभय पक्षांच्या अभिमान्यांस रुचणार नाही. आमचा इलाज नाही.

स्पर्धेने द्वेष वाढतो, ही दुसरी तक्रार. वाढतो, पण कोणाचा, ते पाहावे. बालगंधर्व थोर की केशवराव भोसले थोर, यावरून एके काळी मराठी रसिकांत दोन तट पडले होते. परंतु टिळक स्वराज्य फंडासाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस ‘संयुक्त मानापमान’ झाले, तेव्हा भामिनी बालगंधर्व होते आणि धैर्यधर केशवराव. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे मालक एका रंगभूमीवर, हजारोंच्या देखत, एकमेकांच्या सुरास सूर लावून उभे राहिले. अशा प्रयोगात झाकून ठेवण्यास जागाच नसते. समोरच्याची प्रत्येक तान आपल्यास जोखणार आणि आपली त्यास. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव वारले, म्हणून त्या रात्रीची आठवण अधिकच हुरहूर लावते. तट पाडणारे होते ते खुर्च्यांत बसलेले लोक; रंगमंचावरचे नव्हेत. गाणे ज्याला येते त्याला दुसऱ्याच्या गाण्याचा मत्सर वाटेलही, पण त्याकडे कानाडोळा करणे त्याला शक्य नसते.

आता आक्षेप उरतो तो नकलेचा, आणि तो मात्र खरा आहे. प्रतिस्पर्ध्याकडून शिकावयास गेलेला मनुष्य त्याचीच नक्कल होऊन परत येण्याचा संभव असतो. येथे आमच्या मराठी शाळांची गोष्ट पुन्हा निघते, कारण सेमी-इंग्रजी नावाचा जो प्रकार आमच्या शाळांतून रूढ झाला, तो या आक्षेपाचे मूर्तिमंत उदाहरण आहे. गणपत कृष्णाजींनी यंत्र घेतले आणि पंचांग छापले. आम्ही काय केले? गणित आणि विज्ञान हे दोन विषय इंग्रजीच्या हवाली केले. आणि प्रतिस्पर्ध्याकडून घेण्याजोगे जे होते, म्हणजे टापटीप, पालकांशी जबाबदारीने वागण्याची रीत, मुलाकडून इंग्रजी बोलवून घेण्याची हातोटी, त्यास स्पर्शही केला नाही. यंत्र तेथेच ठेवले आणि त्यावर छापलेली पुस्तिका तेवढी घरी आणली! मुलाला उत्तम इंग्रजी यावे ही पालकांची इच्छा रास्त आहे. ती मराठीतून गणित शिकवूनही, इंग्रजीचा तास चांगला घेऊन पुरविता आली असती. पण इंग्रजीचा तास चांगला घेणे कष्टाचे. पुस्तक बदलणे सोपे.

कायद्याने आणि गौरवाने हे काम होईल, या भ्रमात काही भले लोक आहेत. १ ली ते १० वीच्या सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा महाराष्ट्राने २०२० साली केला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. दोन्ही गोष्टींचा आम्हांस आनंद आहे, पेढेही आम्ही खाल्ले. परंतु पेढा खाऊन बाहेर पडलेला पालक कोपऱ्यावर वळतो तो कोणत्या शाळेच्या फाटकाकडे? सक्तीने मराठी दुसऱ्याच्या शाळेत शिरेल. आपली शाळा भरणार नाही.

शाळेच्या चालकांस आमचे एवढेच विचारणे आहे. दाखला काढून नेलेल्या मुलांची नावे आपल्या दप्तरात आहेत. त्यांच्या पालकांचे पत्तेही आहेत. त्यांपैकी दहा घरी जाऊन, भांडण न करता, ‘आपण का गेलात आणि तेथे काय मिळाले?’ असे विचारून आलेला मुख्याध्यापक आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे. इंग्रजीचा मोह हे उत्तर काही घरी मिळेल, हे आम्हांस ठाऊक आहे. ते ऐकण्यासाठी जाण्याची गरज नाही. पण कोणी सांगेल की, मुलगी दिवसभर पाणी पीत नसे, कारण शाळेतील मुलींच्या संडासाला कडी नव्हती. कोणी सांगेल की, तीन वेळा भेटावयास गेलो, तीनही वेळा बाई वर्गात नव्हत्या. कोणी असेही सांगेल की, तुमचे जोशी सर गेले आणि गणित गेले. नव्या शाळेत गणिताचे शिक्षक चांगले आहेत, त्यांची भाषा कोणती हे आम्ही पाहिले नाही.