उकडलेले बेणे

संगणकावर विमान उडविण्याचा छंद असणाऱ्यांत एक शब्द फार आदराने उच्चारला जातो : फ्रीवेअर. कुणी हौशी माणूस वर्ष-दोन वर्षे रात्री जागवून एखाद्या विमानाची प्रतिकृती घडवितो आणि पैही न घेता सर्वांना देऊन टाकतो. हे औदार्य खरे आहे. त्याची थट्टा करण्याचा आमचा मुळीच विचार नाही. आमची तक्रार वेगळी आहे. या दानासोबत जी चिठ्ठी येते तिने दान अर्धेअधिक परत घेतलेले असते, आणि छंदी मंडळी मात्र तीच चिठ्ठी सौजन्याची संहिता म्हणून मिरवीत आली आहेत.

चिठ्ठी म्हणजे 'रीडमी' नावाची फाइल. तिचा आशय बहुधा ठरलेला. वापरा, पण दुसरीकडे ठेवू नका. काही बदलायचे तर आधी विचारा. यातला भाग काढून दुसऱ्या विमानाला लावू नका. विचारण्यासाठी पत्ता दिलेला असतो. दहा वर्षांनी त्या पत्त्यावर पाठविलेले पत्र न पोहोचता परत येते.

या छंदाशी परिचय नसलेल्या वाचकांसाठी थोडा तपशील. मायक्रोसॉफ्टच्या २००३ आणि २००६ च्या सिम्युलेटरांत विमान म्हणजे एक फोल्डर. त्यात आकाराची फाइल, उड्डाणाचे गुणधर्म, कॉकपिटचे पॅनेल, आवाज आणि बाहेरून चढविलेली रंगचित्रे. रंगचित्रे कोणालाही उघडता येतात, म्हणून विमान नव्याने रंगविण्याची, म्हणजे 'रिपेंट'ची, परंपरा बहरली. किंगफिशरची विमाने २०१२ मध्ये जमिनीवर बसली, जेट एअरवेजची २०१९ मध्ये. ते रंग आज उडताना पाहायचे तर या बिनपगारी रंगाऱ्यांकडेच जावे लागते. आकाराची फाइल मात्र बंद. ती ज्या मूळ आराखड्यातून निघते तो आराखडा, पुष्कळांच्या बाबतीत जीमॅक्स या फुकट साधनात केलेला, कर्त्याच्या संगणकातून बाहेर पडतच नाही.

येथे आम्हाला पेठ आठवते. पुणे-नाशिक रस्त्यावर मंचरच्या अलीकडचे, आंबेगाव तालुक्यातले हे गाव सातगाव पठारावर आहे आणि हे पठार बटाट्यासाठी ओळखले जाते. उकडलेला बटाटा आणि बेणे यांतला फरक तिथल्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. उकडलेला बटाटा फुकट दिला तर एका वेळचे जेवण होते. बेणे दिले तर हंगाम उभा राहतो. आमचे फ्रीवेअरवाले उकडलेला बटाटा वाढतात आणि वर बजावतात की तो शेजाऱ्याच्या ताटात टाकू नका!

पेठेचे नाव घेण्याला आणखी एक कारण आहे. फ्लाइटगिअर या मुक्त सिम्युलेटरात लोहगावच्या धावपट्टीवरून उठून नाक उत्तरेकडे धरले की हे पठार विमानाखाली येते. पुढे जुन्नरच्या अंगाला डोंगर चढू लागतात. हा भूगोल कुणी हाताने रेखाटलेला नाही. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकी अंतराळयानाने रडारच्या साहाय्याने जमिनीच्या उंच-सखलपणाची मोजणी केली आणि ते आकडे सर्वांना खुले झाले. आपल्याकडचे आकडे प्रथम सुमारे ९० मीटरच्या अंतराने मिळत, त्यामुळे शिवनेरीसारखे कडे बोथट होत; २०१४ नंतर ३० मीटरचे आकडे खुले होऊ लागले. बोथटपणा घालविण्यासाठी कुणाच्या परवानगीची वाट पाहावी लागली नाही. ज्या जमिनीवरून आपण उडतो ती मोकळी, आणि तिच्यावरून उडणारे हौशी विमान मात्र कुलुपात, हा विनोद छंदी मंडळींच्या लक्षात येत नाही.

कुलुपाची किंमत सिम्युलेटर बदलला की कळते. २००३ च्या घडणीची कित्येक विमाने २००६ च्या आवृत्तीत लंगडली. २०२० च्या सिम्युलेटरात ती चालतच नाहीत. मूळ आराखडा असता तर कुणीतरी चार रात्री खर्चून ती पुन्हा उभी केली असती. कर्ता छंद सोडून गेला, जीमॅक्सही बंद पडले. उरली ती न उघडणारी फाइल आणि तिला हात न लावण्याची ताकीद. मे २००९ मध्ये एव्हसिमवर हल्ला होऊन तिचे दोन्ही सर्व्हर पुसले गेले. ते एकमेकांची राखीव प्रत म्हणून ठेवलेले होते. तेरा वर्षांचा संग्रह एका दिवसात संकटात आला, आणि ज्यांनी ताकीद प्रामाणिकपणे पाळली त्यांना आपल्याजवळची प्रत दुसरीकडे ठेवण्याचा हक्कही नव्हता.

यावर उत्तर येते ते चोरीचे. उघडे ठेवले तर कुणी नाव पुसून विकेल. होय, विकतात. काही दुकानदारांनी फ्लाइटगिअरच नवे नाव देऊन विकले. पण १९९७ पासून चाललेला तो प्रकल्प त्यामुळे मेला नाही. त्यातली विमाने साध्या, वाचता येणाऱ्या मजकुराच्या फाइलींत लिहिलेली आहेत आणि एकाने सोडलेले काम दुसरा उचलतो. मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या सिम्युलेटरासाठी फ्लायबायवायर या हौशी गटाने एअरबस ए-३२० ची नवी घडण केली तीही मुक्त परवान्याखाली, आणि ती विकतच्या विमानांच्या पंगतीला बसली.

काही सुशिक्षित मित्र एकनाथांचा दाखला देतात. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत नवी भर घालण्यास मनाई केली; मग विमानकर्त्याने का करू नये? दाखला उलटा आहे. नाथांच्या हाती प्रती होत्या म्हणून शुद्धी शक्य झाली, आणि त्यांचा राग होता तो नाव न सांगता मूळ ग्रंथात मिसळून दिलेल्या ओव्यांवर. कुणी स्वतंत्र ओव्या रचून आपल्या नावाने लिहिल्या तर त्यांना कोण अडविणार होते? रीडमीवाले नेमके हे दोन गुन्हे एक करून टाकतात. आपले नाव गाळणारा आणि आपले काम पुढे नेणारा, दोघांनाही एकच दार बंद.

असो. आज जो नवे विमान घडवीत बसला आहे त्याच्याकडे आमचे मागणे मोठे नाही. मूळ आराखडा त्याच फोल्डरात टाकावा, वर आपले नाव ठळक लिहावे, आणि बदल करणाराने मूळ नाव न पुसता आपले नाव त्याखाली लिहावे एवढी अट घालावी. विकणाऱ्यांचा फारच जाच वाटत असेल तर विक्रीबंदीचीही घालावी; मग ते पूर्ण मुक्त राहणार नाही, पण तिच्याशी आमचे भांडण नाही.