मान धरली म्हणून ‘स्ट्राँग गोळी’ मागू नका

रहिमतपूर व परिसरातील नागरिकांना जाहीर आवाहन

गळीत हंगाम सुरू झाला की दवाखान्यात मान धरलेली माणसं दिसू लागतात. कुणाची उसाची मोळी डोक्यावर घेताना लचकलेली, कुणाची आल्याची पोती टेम्पोत चढवताना. तरुण पोरांची मोबाइलपायी. त्यातले काही आधी मेडिकलच्या काउंटरवर जाऊन आलेले असतात. “मागच्या टायमाची द्या, साधी नको, स्ट्राँग द्या.” ही स्ट्राँग म्हणजे बहुतेक वेळा ट्रॅमाडॉल.

हे औषध मेंदूवर अफूसारखंच काम करतं. २०१४ पासून ते ‘एच-१’ यादीत आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. डॉक्टर कोण, पेशंट कोण, गोळ्या किती, हे दुकानदाराला वेगळ्या रजिस्टरात लिहून तीन वर्षं जपावं लागतं. २०१८ पासून त्याला अमली पदार्थांचा कायदाही लागू आहे. ओळखीवर मिळायची ती वस्तूच नव्हे.

बरं, एवढं करून गुण तरी येतो का? ऑस्ट्रेलियात अचानक मान किंवा कंबर धरलेल्या ३४७ जणांवर अभ्यास झाला, २०२३ साली तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. काहींना अफूवर्गातली ऑक्सिकोडोन असलेली गोळी दिली, बाकीच्यांना औषध नसलेली. सहा आठवड्यांनी अफूवाल्यांचं दुखणं काही जास्त कमी झालं नव्हतं. वर्षानं पाहिलं तर गोळीच्या गैरवापराचा धोका मात्र त्यांच्यातच जास्त दिसला.

गोळी घेतल्यावर गरगरतं, मळमळतं, झापड येते, काहींना फिट येते. मग ट्रॅक्टर कसा चालवणार? आणि फडावरून आल्यावर अंगदुखीसाठी ‘थोडी’ घेऊन वर ही गोळी, असं तर कधीच करू नका. झोपेत श्वास मंदावून माणूस दगावू शकतो.

धरलेली मान बहुधा काही दिवसांत आपोआप सुटते. शेका, सोसेल तेवढी हळूहळू हलवत राहा, ओझं टाळा. लागली तर पॅरासिटामॉल घ्या. लिव्हरचा त्रास असेल किंवा रोजची दारू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सलूनमध्ये कडाकड मान मोडून घेऊ नका.

मात्र पडल्यावर किंवा अपघातानंतर मान दुखत असेल, सोबत ताप किंवा जोराची डोकेदुखी असेल, हातापायातली ताकद गेली असेल, लघवीवरचा ताबा सुटला असेल, छातीत दाटून घाम फुटला असेल, तर घरी थांबू नका. १०८ ला फोन करा.

कॅन्सरच्या किंवा ऑपरेशनच्या वेदनेसाठी डॉक्टरांनी अशी औषधं दिली असतील, तर हे वाचून ती बंद करू नका. तिथं ती हवीतच. ज्यांना सवय लागली आहे त्यांनीही एका दिवसात तोडू नये, त्रास होतो. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६, फोन मोफत आहे.

मेडिकलवाल्या बंधूंनो, भावकीतला आला तरी चिठ्ठीशिवाय ही पट्टी देऊ नका. आणि घरात जुनी पट्टी उरली असेल, तर ती शेजाऱ्याच्या मानेसाठी देऊ नका.