शाळेची घंटा, चर्चची घंटा आणि घरची सांजप्रार्थना

दरवर्षी जून महिन्यात शाळा सुरू होतात आणि आमच्याकडे दोन प्रकारच्या तक्रारी येऊ लागतात. पहिली तक्रार पालकांची असते. ‘फादर, एवढ्या मोठ्या कॅथोलिक शाळेत मुलीला घातले, पण तिला साधा विश्वासांगिकार म्हणता येत नाही. मग ही शाळा कॅथोलिक कशाची?’ दुसरी तक्रार शाळेच्या मुख्याध्यापिका असलेल्या धर्मभगिनींची असते. ‘फादर, वर्गात आमची मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकी सारी इतर धर्मांची. परिपाठाला कोणती प्रार्थना घ्यावी, याचाच आता दहा वेळा विचार करावा लागतो.’

प्रिय वाचकहो, या दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. दोघांचीही तळमळ प्रामाणिक आहे. मात्र दोघेही आपल्या अडचणीचे उत्तर एकाच ठिकाणी शोधत आहेत आणि ते ठिकाण म्हणजे शाळा. आमच्या मते गोंधळाचे मूळ येथेच आहे. म्हणून या प्रश्नाचा थोडा शांतपणे विचार करू या.

प्रथम अलीकडच्या घडामोडी पाहू. फेब्रुवारी २०२४ मध्ये आसामात काही संघटनांनी ख्रिस्ती शाळांना इशारा दिला. शाळेच्या आवारातील क्रूस व मूर्ती काढून टाका, धर्मगुरूंनी आणि धर्मभगिनींनी आपला धर्मवेश घालून शाळेत येऊ नये, अशा त्यांच्या मागण्या होत्या. त्यानंतर थोड्याच दिवसांनी भारतीय कॅथोलिक बिशप परिषदेच्या शिक्षण विभागाने देशभरातील कॅथोलिक शाळांसाठी तेरा पानांची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत, परिपाठाच्या वेळी राज्यघटनेची उद्देशिका म्हणून घ्यावी, राष्ट्रीय नेते, शास्त्रज्ञ व कवी यांची चित्रे शाळेत लावावीत, सर्वधर्मीयांसाठी प्रार्थनेची खोली असावी, अशा सूचना त्यांत होत्या.

वर्तमानपत्रांत ही बातमी आली, तेव्हा आपल्यापैकी अनेकांच्या मनात कालवाकालव झाली. ‘आपल्याच शाळेत आपण आपली प्रार्थना म्हणायची नाही काय? बिशपांनीच माघार घेतली काय?’ असे प्रश्न मिस्सेनंतर चर्चच्या आवारात विचारले गेले. भीतीच्या वातावरणात असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ही तत्त्वे माघारीची आहेत, असे आम्हाला वाटत नाही. त्यासाठी आधी कायदा काय सांगतो आणि मग ख्रिस्तसभा काय शिकवते, हे पाहिले पाहिजे.

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालविण्याचा हक्क दिला आहे. अनुच्छेद २८ धर्मशिक्षणाविषयी आहे. संपूर्णपणे सरकारी निधीतून चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. आपल्या शाळा त्या वर्गात मोडत नाहीत. पण ज्या शाळांना सरकारची मान्यता किंवा अनुदान आहे, तेथे कोणत्याही विद्यार्थ्याला त्याच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसविता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल, तर त्याच्या पालकांची संमती लागते. याचा सरळ अर्थ असा, की कॅथोलिक मुलांना, त्यांच्या आईवडिलांच्या संमतीने, कॅथोलिक शाळेत धर्मशिक्षण देण्यास घटनेची आडकाठी नाही. आडकाठी आहे ती सक्तीला. आणि सक्तीला आडकाठी असावी, हे आपणही मान्य केले पाहिजे. आपले मूल उद्या दुसऱ्या धर्मीयांच्या शाळेत गेले आणि तेथे त्याला सक्तीने त्यांची उपासना करायला लावली, तर आपल्याला ते चालेल काय?

अल्पसंख्याक शाळांच्या हक्कांविषयी न्यायालयांत विचार चालू आहे, हेही वाचकांनी ध्यानात ठेवावे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणहक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, असा निर्णय दिला होता. १ सप्टेंबर २०२५ रोजी शिक्षक पात्रता परीक्षेसंबंधीच्या एका महत्त्वाच्या प्रकरणात दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या जुन्या निर्णयाविषयी शंका व्यक्त केली आणि मोठ्या पीठाने त्याचा विचार करावा, यासाठी तो प्रश्न सरन्यायाधीशांपुढे ठेवला. आपला हक्क घटनेने दिलेला आहे; परंतु त्या हक्काचा आपण कशासाठी उपयोग करतो, हे समाज आणि न्यायालय दोघेही पाहत असतात.

आता ख्रिस्तसभेची शिकवण पाहू. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयीचा जाहीरनामा संमत केला. मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक आईवडील आहेत, हे त्या जाहीरनाम्यात ठामपणे सांगितले आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतील नियम ७७४ नेही श्रद्धेचे संस्कार करण्याचे कर्तव्य सर्वांआधी पालकांवर टाकले आहे, आणि नियम ७७७ नुसार प्रायश्चित्त संस्कार व प्रथम कम्युनियन यांची योग्य तयारी होते की नाही, हे पाहण्याची जबाबदारी धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंची आहे. १९८८ साली रोमच्या शिक्षणविषयक विभागाने कॅथोलिक शाळेतील धार्मिक पैलूविषयी एक दस्तऐवज काढला. शाळेतील धर्माचे अध्यापन आणि श्रद्धेची दीक्षा देणारे धर्मशिक्षण या दोन गोष्टी एकमेकींशी निगडित असल्या, तरी एक नव्हेत, असा भेद त्यात स्पष्ट केला आहे. श्रद्धेची दीक्षा ही विश्वासणाऱ्या समाजात, म्हणजे प्रामुख्याने धर्मग्रामात मिळते. पोप लिओ चौदावे यांनीही ऑक्टोबर २०२५ मध्ये, त्या जुन्या जाहीरनाम्याच्या साठाव्या वर्षानिमित्त लिहिलेल्या पत्रात, कुटुंब हेच शिक्षणाचे पहिले ठिकाण असून शाळा पालकांना साथ देते, त्यांची जागा घेत नाही, याची आठवण करून दिली.

तेव्हा २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नवे असे काही केलेले नाही. त्यांनी आपल्याला आपल्या जुन्याच जबाबदारीकडे परत पाठविले आहे.

मग पूर्वी ही अडचण का जाणवत नव्हती? कारण आपल्या गावांत शाळा, चर्च आणि घर यांच्यामध्ये भिंत नव्हती. वसईला शिक्षणाची परंपरा जुनी आहे. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया येथेच जेज्वीट फादरांच्या हाताखाली शिकले. १५९७ साली नागासाकी येथे त्यांनी श्रद्धेसाठी प्राण दिले. तिकडे गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी नवख्रिस्ती लोकांना श्रद्धेची कथा त्यांना कळेल व गाता येईल अशा भाषेत मिळावी, म्हणून मराठीत ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली छापले गेले. एक इंग्रज माणूस मराठी शिकतो आणि तीत हजारो ओव्या रचतो, यामागचे कारण साधे होते. लोक ज्या भाषेत रडतात आणि हसतात, त्याच भाषेत त्यांची श्रद्धा मुरते, हे त्या मिशनऱ्याला समजले होते.

आमच्या बालपणी चर्चच्या मराठी शाळेत हीच परंपरा चालू होती. वर्गात पाढे शिकविणारे मास्तर रविवारी चर्चमध्ये गायन सांगत. तेच संध्याकाळी गावातल्या क्रूसाजवळ जपमाळेला येत. शाळेत शिकलेली प्रार्थना घरी आजी म्हणत असे आणि तीच मिस्सेत ऐकू येई. भाषा एक, माणसे एक, त्यामुळे धर्मशिक्षण कोठे सुरू झाले आणि कोठे संपले, हे कळतही नसे.

आज चित्र पालटले आहे. वसई-विरार हे महानगर झाले आहे. मराठी शाळांचे पट रोडावले, तुकड्या कमी झाल्या आणि आपल्या बहुतेक मुलांनी इंग्रजी माध्यमाची वाट धरली. शिक्षकांपैकी अनेक जण दूरवरून येतात आणि शाळा सुटल्यावर गाडी पकडतात. त्यांत त्यांचा दोष काही नाही. पण परिणाम काय झाला आहे, ते प्रथम कम्युनियनच्या वर्गात आम्ही पाहतो. तिसरी-चौथीतील मूल प्रभूची प्रार्थना इंग्रजीत एका दमात म्हणते. तेच मूल घरी जपमाळेच्या वेळी गप्प बसते, कारण आजी मराठीतून म्हणते आणि त्याला ते शब्द ठाऊक नसतात. रविवारच्या मराठी मिस्सेत ते इकडेतिकडे पाहत राहते. शाळेतला देव इंग्रजी बोलतो, चर्चमधला मराठी बोलतो आणि घरातल्या देवाशी बोलायला कोणाला वेळ नसतो. अशा मुलाला प्रार्थना पाठ आहे, पण ती कोणाबरोबर म्हणायची, हे त्याला उमगलेले नाही.

आम्ही इंग्रजी माध्यमाला नावे ठेवण्यासाठी हे लिहीत नाही. पालकांनी पोटाचा विचार करून तो निर्णय घेतला आहे आणि आम्ही धर्मगुरूंनीच त्या शाळा काढल्या आहेत. पण माध्यम बदलताना धर्मशिक्षणाचे काय होईल, याचा विचार ना पालकांनी केला, ना आम्ही. हा दोष आम्ही मान्य करतो.

प्राथमिक वर्गांतच हा प्रश्न इतका महत्त्वाचा का? कारण १९१० साली पोप पायस दहावे यांनी मुलांना साधारण सातव्या वर्षापासून, म्हणजे समज येऊ लागताच, कम्युनियन द्यावे, असे ठरविले. तेव्हापासून श्रद्धेचा हा मोठा टप्पा प्राथमिक शाळेच्या वयात येतो. त्या दोन-तीन वर्षांत जे रुजत नाही, ते दृढीकरणाच्या वेळी घाईघाईने रुजविता येत नाही. पांढरा पोशाख, छायाचित्रकार आणि जेवणावळ यांची तयारी महिनाभर आधी होते. प्रायश्चित्त संस्काराला मूल पहिल्यांदा जाते, त्या दिवशी मात्र पुष्कळदा बरोबर कोणी नसते.

मग करावे काय? आमच्या मनात काही साध्या गोष्टी आहेत.

शाळेने परिपाठ सर्वांसाठी ठेवावा. त्यात उद्देशिका असावी, थोडा वेळ मौन असावे, सर्वांना म्हणता येईल अशी प्रार्थना असावी. कॅथोलिक मुलांसाठी मात्र, पालकांची लेखी संमती घेऊन, वेळापत्रकात धर्मशिक्षणाची स्वतंत्र तासिका असावी आणि त्याच वेळी इतर मुलांना मूल्यशिक्षण मिळावे. ही तासिका खेळाच्या तासाला कापून काढू नये. तसे केले, तर मुलाच्या मनात धर्म म्हणजे शिक्षा, असे समीकरण तयार होते. परीक्षा जवळ आली, की पहिला बळी याच तासिकेचा जातो, तेही थांबले पाहिजे.

धर्मग्रामाने रविवारच्या धर्मशिक्षणाला शाळेची पुरवणी समजू नये. मुख्य वर्ग तोच आहे. तेथे शिकविणारे तरुण-तरुणी आणि गृहिणी विनामोबदला वर्षानुवर्षे झिजतात. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली धर्मशिक्षकाची सेवा ही ख्रिस्तसभेतील अधिकृत सेवा म्हणून प्रस्थापित केली. त्या मानाने आपण आपल्या धर्मशिक्षकांना प्रशिक्षण, पुस्तके आणि सन्मान किती देतो, याचा प्रत्येक धर्मग्रामाने हिशेब मांडावा. प्रथम कम्युनियनच्या वर्षात पालकांचीही सभा घ्यावी, आणि ती फक्त पोशाखाच्या रंगाविषयी नसावी.

घराने सायंप्रार्थना पुन्हा सुरू करावी. पूर्ण जपमाळ जमत नसेल, तर एक दशक म्हणावे. मुलाला इंग्रजी येते, तर एक प्रणाम मरिया त्याने इंग्रजीत म्हणावा, दुसरा आजीने मराठीत. दोन महिन्यांत मूल मराठी शिकेल आणि कदाचित आजीही इंग्रजी शिकेल. दूरदर्शनसंच आणि भ्रमणध्वनी तेवढा वेळ बंद राहिल्याने कोणाचे नुकसान होणार नाही.

आणि एक गोष्ट आम्हाला आमच्या स्वतःच्या शाळांविषयी सांगितली पाहिजे. आपल्या शाळांतील बहुसंख्य मुले इतर धर्मांची आहेत. त्यांना आपण ख्रिस्ती प्रार्थना शिकवीत नाही, शिकवूही नये. पण ती आपल्याकडे रोज पाहत असतात. प्रवेशाच्या वेळी गरिबाच्या मुलाशी कसे बोलले जाते, फी थकलेल्या मुलीला वर्गाबाहेर उभे केले जाते काय, वसईच्या पूर्व पट्ट्यातील वारली, कातकरी कुटुंबातले मूल वर्गात कोणत्या बाकावर बसते, शिपायाला मुख्याध्यापक कोणत्या सुरात हाक मारतात, हे मुलांना सारे दिसते. ज्या शाळेच्या दर्शनी भागात येशूचा भव्य पुतळा आहे आणि कार्यालयाच्या खिडकीतून गरीब आईला परत पाठविले जाते, त्या शाळेतील धर्मशिक्षणाची तासिका कितीही नियमित असली, तरी तिचा उपयोग काय? शाळेचे कॅथोलिकपण कोणी पुतळा हलविल्याने जात नाही. ते या खिडकीवर जाते, किंवा राहते.

तेव्हा पालकांनी शाळेकडे बोट दाखवावे, शाळेने कायद्याकडे आणि धर्मगुरूंनी पालकांकडे, हे आता पुरे झाले. प्रभू येशूने लहान मुलांना आपल्याजवळ येऊ द्या, असे सांगितले, तेव्हा त्यांना अडविणारे परके कोणी नव्हते. ते त्याचेच शिष्य होते. या नव्या शैक्षणिक वर्षात आपण वाटेतून थोडे बाजूला होऊ आणि मुलांचा हात धरून त्यांना त्याच्यापर्यंत नेऊ. आज संध्याकाळी, दिवेलागणीला, आपल्या घरापासूनच सुरुवात करू या.