सावज कोण ठरवितो?

इंग्रजीतील ‘क्वॉरी’ हा शब्द आपल्या विद्यार्थ्यांना बहुधा दगडाची खाण या अर्थानेच ठाऊक असतो. त्यामुळे पोलीस आपल्या ‘क्वॉरी’च्या मागावर आहेत, असे वाक्य वाचताच ते गोंधळतात. वस्तुतः हे दोन शब्द भिन्न कुळांतील आहेत. खाणीचा शब्द लॅटिनमधील चौकोनी घडीव दगडाच्या नावावरून आला. ज्याची शिकार व्हावयाची त्या प्राण्याचा वाचक शब्द जुन्या फ्रेंचमधून आला.

या दुसऱ्या शब्दाचा इतिहास उद्बोधक आहे. मध्ययुगात सरदारांनी हरिण मारले की त्याच्या मांसाचा काही भाग शिकारी कुत्र्यांना बक्षीस म्हणून त्याच जनावराच्या कातड्यावर मांडून देत. कुत्र्यांच्या या वाट्याचे नाव पुढे मारलेल्या जनावरांच्या राशीला आणि अखेरीस जीव घेऊन पळणाऱ्या प्राण्याला मिळाले. म्हणजे प्राणी अद्याप धावत असतो, पण भाषेने त्याचा वाटा केव्हाच घातलेला असतो!

मराठीतील ‘सावज’ या शब्दाची कथाही अशीच आहे. संस्कृतात ‘श्वापद’ म्हणजे हिंस्र पशू; त्यापासून ‘सावज’ झाला. गुजरातीत ‘सावज’ म्हणजे आजही सिंह. मराठीत मात्र शिकाऱ्याच्या टप्प्यात आलेला जीव म्हणजे सावज. एका भाषेतील वनराज शेजारच्या भाषेत भक्ष्य ठरावा, हा फरक प्राण्यातील नव्हे, पाहणाऱ्याच्या दृष्टीतील आहे.

हा प्रश्न केवळ व्युत्पत्तीचा नाही. फसव्या योजनेत आयुष्याची पुंजी गमावलेल्या निवृत्त कारकुनाला आपण सहजपणे ‘भोळे सावज’ म्हणतो. त्या क्षणी त्याचा भोळेपणा तेवढा चर्चेला उरतो. ज्याने जाळे विणले आणि ज्यांनी त्याकडे काणाडोळा केला, ते दोघेही वाक्यातून निसटतात. सावज सापडणे हा जणू निसर्गक्रमच! संशयिताचेही तेच. अटक केलेल्यास चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे, असे राज्यघटनेचे बावीसावे कलम सांगते. कारण घटनेच्या लेखी तो माणूस आहे. त्याला ‘सावज’ म्हणणारा मथळा मात्र खटल्यापूर्वीच निकाल देऊन मोकळा होतो.

शिकारीला शिकारी लागतोच. म्हणून असा शब्द वापरण्यापूर्वी लिहिणाऱ्याने आणि वाचणाऱ्यानेही एवढेच विचारावे, की हे नाव कोणी दिले: पळणाऱ्याने की पाठलाग करणाऱ्याने? ठेवीदाराला ठेवीदार, आरोपीला आरोपी आणि लुबाडणाऱ्याला लुबाडणारा म्हणण्याइतकी मराठी खचितच समर्थ आहे. न्यायाची सुरुवात पुष्कळदा योग्य नामापासूनच होत असते.