तिसरा गडी
आइस हॉकीत एक फळी म्हणजे तीन फॉरवर्ड. जेमतेम पाऊण मिनिट बर्फावर, की दमून बाकावर. लगेच पुढची फळी. अशा चार. मॅच हातातून जायला लागली की कोच या फळ्या पत्त्यांसारख्या पिसतो. मला हे अजिबात पटत नाही. (रिलीज लांबला की आमच्याकडेही आधी टीमच बदलतात!)

व्हँकुव्हरचे सेडिन बंधू घ्या. हेन्रिकचा पास कुठे येणार हे डॅनियलला न बघता कळायचं. जुळेच ते, जन्मापासूनची प्रॅक्टिस! पण सोबत तिसरा कोण? बरेच जण लावून पाहिले. २००९ मध्ये जमला तो अलेक्स बरोज, ज्याला ड्राफ्टमध्ये एकाही संघाने घेतलं नव्हतं. गडी नेटसमोर धक्के खायचा, कोपऱ्यातून पक उकरून काढायचा आणि दोघा भावांच्या मधे मधे करायचा नाही. २००९-१० च्या मोसमात त्याचे ३५ गोल, आणि हेन्रिक ११२ गुणांसह लीगमध्ये पहिला.

आता म्हणाल, पिसलंच नसतं तर बरोज सापडला कसा असता? मान्य. पण सापडल्यावर त्याला तिथे टिकू दिलं की नाही? २०११ च्या फायनलच्या दुसऱ्या सामन्यात ओव्हरटाइमच्या अकराव्या सेकंदाला गोल मारला तो त्यानेच, आणि त्यात डॅनियलचा पास होताच.