व्यसनी पोराला शेवटी मारून टाकणं सोपं असतं

लिहू का नको, लिहू का नको करत बरेच महिने गेले. आज लिहूनच टाकतो. पोस्ट लांब आहे, पण विषय आपल्या जिल्ह्याचा आहे. निवांत वेळ असेल तेव्हा वाचा.

२०२५ च्या उन्हाळ्यात आम्ही सहा पोरांनी व्यसनावर एक शॉर्टफिल्म केली. कॉलेजचा प्रोजेक्ट होता. सतरा मिनिटांची फिल्म, एक मोबाईल, भाड्यानं आणलेले दोन लाईट आणि सगळ्यांनी मिळून घातलेले अकरा हजार रुपये. दिग्दर्शक मी. फिल्मचं कौतुक झालं, एका ठिकाणी बक्षीसही मिळालं. तरी ती फिल्म आज कुणी मागितली तर मी लिंक देत नाही. का देत नाही, तेच सांगायचंय.

विषय कुठून आला ते सांगायला नको. त्या वर्षी फेब्रुवारीत सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर तामलवाडीजवळ पोलिसांनी एमडीच्या पुड्या पकडल्या. माल मुंबईहून येत होता असं तपासात पुढं आलं. बघता बघता आरोपींची यादी तीसच्या पुढं गेली, त्यात काही पुजाऱ्यांचीही नावं आली. खरं-खोटं कोर्ट ठरवेल, त्यावर मी बोलणार नाही. पण त्या दिवसांत आपल्याकडं चहाच्या टपरीवर काय बोलणं चालायचं ते आठवा. कोण कुणाचा माणूस, कुणाच्या बॅनरवर कुणाचा फोटो, आई तुळजाभवानीच्या गावाची बदनामी कुणी केली. सगळ्या पक्षांनी एकमेकांची उणीदुणी काढून झाली. पण जी पोरं ते ओढत होती, त्यांचं पुढं काय, हे विचारताना मी कुणाला ऐकलं नाही. मीसुद्धा विचारलं नव्हतं. मला फक्त कडक विषय मिळाला होता.

'रॉ' फिल्म करायची, एवढंच डोक्यात होतं. परदेशी पिक्चर बघितले, 'उडता पंजाब' दोनदा बघितला. शूटिंगला गावाबाहेरचं एक पडकं गोदाम घेतलं. कॅरमची बोरिक पावडर पुड्यांत भरली. हिरोच्या डोळ्यांखाली काजळ फासलं, हातात सिरिंज दिली. आता विचार करतो, सिरिंज कुठून आली? आपल्याकडं एमडीची पुडी बहुतेक नाकानं ओढतात. आमच्यातल्या एकानंही आपल्या गावात कुणाला सुई टोचून घेताना बघितलं नव्हतं. ती सुई परदेशी पिक्चरातून थेट धाराशिवच्या गोदामात आली. दिसायला भारी दिसत होती, म्हणून ठेवली.

सेटवर एक पोरगा होता. लाईट उचलणं, चहा आणणं, वायर गुंडाळणं, सगळं करायचा. आमच्याच भागातला, मला दादा म्हणायचा. वय एकोणीस-वीस. दुसऱ्या दिवशी शॉट चालू असताना तो हळूच माझ्याजवळ आला आणि म्हणला, "दादा, असं नसतंय. ओढल्यावर माणूस असा झोपत नाही. उलट झोपच लागत नाही. लई बोलतंय माणूस. जेवण जात नाही. आणि उतरायला लागलं की मग भिंतीकडं तोंड करून बसतंय."

मला कळायला पाहिजे होतं. कळलंही असेल. पण मी काय केलं? त्याला हिरोशेजारी बसवलं आणि म्हणलं, "ह्याला शिकव." त्यानं शिकवलं. जबडा कसा आवळतो, नाक सारखं कसं पुसतो, एकच गोष्ट चार-चारदा कशी सांगतो. आमच्या फिल्ममध्ये सगळ्यात खरं जे काही आहे ते त्या पोराचं आहे. श्रेयनामावलीत आम्ही त्याचं नाव 'प्रकाश सहाय्य' म्हणून टाकलं.

शेवटचा सीन असा होता. हिरो गोदामात मरून पडतो, आई दारात येते, किंकाळी, पडदा काळा. मग पांढऱ्या अक्षरात, व्यसन म्हणजे मरण.

कॉलेजच्या हॉलमध्ये फिल्म दाखवली. गोदामातला पुडी फोडायचा सीन आला आणि मागच्या बाकांवरून शिट्ट्या पडल्या. हिरो सिगारेट पेटवतो तिथं टाळ्या. शेवटाला एकदम शांतता, दोन-तीन मुली रडल्या. पाहुणे म्हणाले, समाजाला आरसा दाखवला. मी खूश होतो.

लोक पांगल्यावर तो पोरगा वायर गुंडाळत होता. म्हणला, "दादा, पिक्चर भारी झालाय. पण म्हणजे आता मरायचंच का?"

मी हसलो. वाटलं, हिरोबद्दल विचारतोय. म्हणलं, "अरे, तसं दाखवलं तरच लोकांना भीती बसती." तो "बरं" म्हणला आणि लाईट उचलून गेला.

आठवडाभरानं त्याच्या आईचा फोन आला. माझा नंबर तिला कुठून मिळाला माहीत नाही. घरातलं सगळं विकून झालं होतं, तिच्या बचत गटाचे पैसेही गेले होते. ती माऊली मला विचारत होती, "सर, तुम्ही त्याच्यावर पिक्चर काढलाय म्हणं. मग कुठं न्यायचं असतंय, ते तुम्हाला माहीत असंल की."

मला माहीत नव्हतं. सतरा मिनिटांची फिल्म केली होती व्यसनावर. स्क्रिप्ट नऊ वेळा लिहिली होती. पण उपचार कुठं मिळतो, किती दिवस लागतात, कुणाला फोन करायचा, हे मला माहीत नव्हतं. कारण माझ्या गोष्टीत त्याची गरजच नव्हती. माझा हिरो तर मेला होता.

त्या रात्रीपासून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली. आपण व्यसनावरच्या गोष्टीत, नाटकात, पथनाट्यात, रीलमध्ये व्यसनी माणसाला शेवटी मारतो, ते लोकांना भीती बसावी म्हणून नाही. ते आपल्या सोयीसाठी. तो मेला की आपलं काम संपतं. जगला तर विचारावं लागतं की आता पुढं काय. त्याला कामावर कोण ठेवणार, घरच्यांनी परत विश्वास कसा ठेवायचा, तो पुन्हा घसरला तर काय करायचं. हे प्रश्न किचकट आहेत, त्यांना शिट्ट्या पडत नाहीत.

आणि भीतीचं म्हणाल तर, जो ओढत नाही त्याला भीती बसते आणि तो घरी जाऊन झोपतो. जो ओढतोय त्याला मरण नवीन नाही. त्याला आम्ही फक्त एवढंच कळवलं की तुझा विषय संपला.

आता माझ्यासारख्या पोरांनी हे आधी वाचायला पाहिजे होतं म्हणून सांगतो. १९८० च्या दशकात पुण्या-मुंबईत गर्द म्हणजे ब्राऊन शुगर पसरली, तेव्हा अनिल अवचट यांनी गर्दुल्ल्यांमध्ये फिरून लेख लिहिले. 'गर्द' नावाचं त्यांचं पुस्तक आहे. ते लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला पुढं आले. डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. १९८६ मध्ये तिथंच मुक्तांगण उभं राहिलं. म्हणजे लिखाण झालं आणि त्या लिखाणाच्या शेवटी एक दार तयार झालं, जिथं पोराला घेऊन जाता येतं. चाळीस वर्षं होत आली, ते दार उघडं आहे. आमच्या फिल्मच्या शेवटी फक्त काळा पडदा होता.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारचं. परंड्याला लागून करमाळा तालुका, तिथल्या जेऊरचे नागराज मंजुळे. त्यांची 'पिस्तुल्या' ही शॉर्टफिल्मसुद्धा नगरला शिकताना केलेला प्रोजेक्टच होता. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शाळेत जायची इच्छा असलेल्या एका पारधी पोराची ती गोष्ट आहे. त्या माणसानं विषय शोधायला परदेशी पिक्चर बघितले नाहीत, आपल्या आजूबाजूला बघितलं. माझ्या आजूबाजूला तर माझाच लाईट धरून एक पोरगा उभा होता, आणि मला तो दिसला नाही.

कायद्याचंही आपल्याला अर्धंच माहीत असतं. एनडीपीएस म्हणलं की अटक आणि जेल एवढंच आठवतं. १९८५ च्या त्या कायद्यात ६४-अ नावाचं कलम आहे. सेवनाच्या किंवा अगदी थोड्या प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला आणि त्यानं उपचार पूर्ण केले, तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ती सूट काढूनही घेतात. विकणाऱ्या टोळ्यांना यात सुटका नाही, आणि नसायलाच पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही दारू आणि ड्रग्समुळं होणारे मानसिक त्रास आजारात धरलेत. म्हणजे कायदा सांगतो की हा पेशंट आहे. आपण मात्र गावात सांगतो, "वाया गेलंय कार्टं."

आणि फक्त एमडीवर बोलून आपण मोकळं होऊ नये. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. तुमच्या गावातल्या कुठल्या टपरीवर मिळत नाही ते सांगा. आठवीतल्या पोरांच्या खिशात पुडी असते. हातभट्टीची दारू कुठं मिळते हे पोलीस पाटलापासून सगळ्यांना माहीत असतं. लपवायची आणि खोटं बोलायची सवय पोराला एमडी लावत नाही, ती आधीच लागलेली असते. आमच्या फिल्ममध्ये हिरो पहिल्याच सीनला थेट पुडी ओढतो. त्याआधीची सात-आठ वर्षं आम्ही दाखवलीच नाहीत, कारण त्यात आपण सगळेच दिसलो असतो.

त्या पोराचं काय झालं ते सांगतो. त्याच्या मामानं आणि मी मिळून त्याला बाहेरगावी उपचाराला नेलं. पहिल्यांदा तो पंधरा दिवसांत परत आला. दुसऱ्यांदा पूर्ण राहिला. मधे एकदा घसरला, स्वतःच फोन करून सांगितलं. आता एका गॅरेजवर काम करतो. मी विचारलं, कसा आहेस? म्हणला, "आज बरा आहे, दादा." तो 'आज' म्हणतो, 'आता' म्हणत नाही. तिथं तसंच शिकवतात, एकेक दिवस धरायचा. त्याची आई अजून त्याचा पगार स्वतःकडं ठेवते आणि रोज गाडीच्या पेट्रोलपुरते पैसे देते. तो पैसे मोजून घेतो, चिडत नाही. फिल्म परत करायची झाली तर मी एवढाच सीन करीन. आई पैसे मोजून देते, पोरगा घेतो. त्यात सिरिंज नाही, गोदाम नाही. कदाचित कुणी शिट्टी मारणार नाही.

ही पोस्ट त्याला विचारून लिहिली आहे. नाव, गाव टाकू नको म्हणला, बाकी लिही म्हणला.

आता मुद्द्याचं. आपल्या जिल्ह्यात आठ तालुके आहेत. आता धाराशिवला सरकारी मेडिकल कॉलेज आहे. रात्री अकरा वाजता एखाद्या आईला कळलं की पोरगं ओढतंय, तर तिनं सकाळी कुठं जायचं, हे भूमपासून उमरग्यापर्यंत प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहिलेलं पाहिजे. व्यसनी पेशंटला ठेवून घ्यायला जिल्ह्यातच खाटा पाहिजेत. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला पोराला घेऊन सोलापूर-पुण्याच्या चकरा परवडत नाहीत. दरवर्षी २६ जूनला शाळा-कॉलेजात अमली पदार्थ विरोधी दिनाची शपथ होते, रांगोळी होते, फोटो निघतात. त्याच दिवशी एका बरं झालेल्या माणसाला बोलवा. पोरं त्याचं ऐकतील.

आणि माझ्यासारख्या फिल्म करणाऱ्या पोरांना हात जोडून सांगणं आहे. व्यसनावर फिल्म करा, जरूर करा. पण लिहायला बसायच्या आधी एक काम करा. तुमच्या गावातल्या पेशंटला कुठं नेता येईल, ते स्वतः जाऊन बघून या. मग स्क्रिप्ट लिहा. शेवट आपोआप बदलेल.

व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाईन १४४४६ आहे, मानसिक त्रासासाठी टेली-मानस १४४१६ आहे. दोन्ही फुकट आहेत. पोस्ट शेअर नाही केली तरी चालेल, हे दोन नंबर तेवढे गावच्या ग्रुपवर टाका. कुणाची तरी आई बघेल.