लोणारचे तळे

"सर, लोणारच्या तळ्यात पोहता येते का?" सहलीच्या आधी एका मुलाने मला विचारले.

मित्रांनो, मेक्सिको देशात जमिनीत खोल पाणकुंडे आहेत. चुनखडीचा दगड पाण्यात विरघळून, वरचे छत कोसळून ती तयार झाली. प्राचीन माया लोक त्यांचे पाणी पीत व त्यांना पवित्र मानत. आज तेथे प्रवासी पोहतात.

आपल्या जालना जिल्ह्याशेजारचे लोणार निराळे आहे. फार पूर्वी तेथे आकाशातून उल्का आदळली. काळ्या खडकात सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला. अबुल फजल यांच्या 'आईन-ए-अकबरी'तही लोणारचा उल्लेख आहे. हे पाणी खारट आहे. ते पिण्याचे नाही आणि पोहण्याचेही नाही.

मग त्याचा उपयोग काय? माझ्या मते, प्रत्येक पाणी आपल्या उपयोगाचे असलेच पाहिजे असे नाही. गोड्या पाण्यात न जगणारे सूक्ष्म जीव या पाण्यात राहतात. काठावरच्या गोड्या झऱ्यांवर आपण साबण लावून आंघोळ केली, तर तो साबण तळ्यात उतरतो आणि पाणी बिघडते.

२०२० साली लोणारला जागतिक रामसर यादीत स्थान मिळाले. जगाने ज्याची कदर केली, त्याची शेजाऱ्यांनी करू नये काय? सहलीला जाऊ, डोळे भरून पाहू. पण साबण घरीच ठेवू.